खुर्ची एक, मालक दोन

इंदुरात कुणालाही विचारा सरवटे कुठे आहे, तो तुम्हाला बस स्टँडचा रस्ता दाखवेल. ऑटोवाले तेवढंच ओरडतात, सरवटे सरवटे, आणि आपणही घरी फोनवर सांगतो की सरवटेला उतरलोय, येतोच. पण विनायक सीताराम सरवटे हे इथले आपले मराठी गृहस्थ, दिल्लीत संविधान सभेत मध्य भारताच्या (ग्वाल्हेर-इंदूरकडच्या संस्थानांचं १९४८ ते १९५६ चं राज्य) वतीने जे सात जण बसले होते त्यांच्यातले एक, हे आज किती घरांमध्ये माहीत आहे? मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. राजे सगळ्यांना पाठ आहेत. अहिल्याबाईंचा पुतळा रजवाड्यासमोर आहे, तिकडे ग्वाल्हेरला शिंद्यांचं नाव पावलोपावली आहे, बडोद्याला सयाजीरावांशिवाय पान हलत नाही. आणि ते असावंच. पण ज्यांनी रोज सकाळी बसून ह्या राज्यांचा कारभार हाकला, खजिना सांभाळला, कोर्टं बसवली, शिव्या खाल्ल्या, ते दिवाण आणि नंतरचे ते पहिले मंत्री, त्यांची नावं घरातली पोरं सोडा, आपल्या वयाच्या लोकांनाही येत नाहीत.

बरेच दिवस ह्यावर वाचतेय आणि वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते, ती लिहायची म्हणून ही पोस्ट. ह्या माणसांच्या खुर्चीला कायम दोन मालक होते. एक महाराज, जे नेमायचे आणि काढायचे, आणि दुसरा साहेब, म्हणजे संस्थानावर नजर ठेवायला इंग्रज सरकारने बसवलेला रेसिडेंट किंवा एजंट, जो नेमायचा नाही पण ज्याची नाराजी ओढवली की खुर्ची राहायची नाही. दोघांना सांभाळून रयतेचं भलं करायचं म्हणजे किती मोठी कसरत, विचार करा.

माझ्या आजीच्या ट्रंकेत ग्वाल्हेरच्या आत्याचं एक जुनं पाकीट आहे, त्याच्यावरचं तिकीट बघा म्हणजे मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. तिकीट इंग्रज सरकारचंच, त्यावर पंचम जॉर्जचा मुकुटवाला चेहरा, आणि त्याच चेहऱ्याच्या आजूबाजूला काळ्या शाईत वेगळं छापलेलं, एकदा इंग्रजीत आणि एकदा देवनागरीत, 'ग्वालियर'. चेहरा लंडनचा आणि नाव शिंद्यांच्या गावचं. आमच्या होळकर स्टेटच्या तिकिटांवर तरी महाराज स्वतः असायचे.

तर पहिलं नाव दिनकरराव राजवाडे. जन्म १८१९ चा, देवरुखचा, म्हणजे कोकणातला माणूस, आणि १८५२ मध्ये ग्वाल्हेरचा दिवाण. जयाजीराव तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे. राज्याची घडी पार विस्कटलेली, जकाती जागोजागी, महसूल ज्याच्या हाताला लागेल तो घेणार, आणि ह्या माणसाने ते सगळं ओळीत लावलं, कायदे लिहून काढले, अंमलदारांना नियम घालून दिले. मग आलं १८५७. ग्वाल्हेर कंटिंजंट नावाची जी फौज होती तिचा पगार शिंद्यांच्या पैशातून आणि अधिकारी इंग्रज, ती जूनमध्ये उठली, आणि जयाजीराव आणि दिनकररावांनी तिला कित्येक महिने गोडीगुलाबीने, पैसे देऊन, आश्वासनं देऊन ग्वाल्हेरातच अडकवून ठेवली. पुढे १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरवर आले तेव्हा महाराज आणि दिवाण आग्र्याला निघून गेले, आणि त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरलाच पडली.

आता इथे मन दोन्हीकडे ओढलं जातं. फूलबागेजवळ राणीच्या समाधीपाशी उभं राहिलं की दिनकररावांचं कौतुक तोंडातून निघत नाही, माझ्या तर नाहीच निघत. पण दिवाण म्हणून त्यांच्यासमोर काय होतं तेही बघायला पाहिजे, राज्य खालसा होण्याची भीती खरी होती, झाशी आणि नागपूर डोळ्यांदेखत गेलेली होती. त्यांनी राज्य वाचवलं आणि त्याची किंमत इतिहासात त्यांच्या नावावर राहिली. बरं, बक्षीस काय मिळालं, तर १८५९ संपता संपता जयाजीरावांशी बिनसलं आणि दिवाणगिरी गेली. ज्या साहेबांसाठी एवढं केलं त्यांनी मात्र आठवण ठेवली, १८६१ च्या कायद्याने व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात पहिल्यांदा हिंदी माणसं घेतली त्या पहिल्या तिघांमध्ये दिनकरराव होते, बाकीचे दोघे पतियाळाचे महाराज आणि बनारसचे राजा देवनारायण सिंग.

आणि आता मूळ गोष्ट, १८७५ ची, जिच्यात इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदा तिन्ही एका जागी येतात. बडोद्याला मल्हारराव गायकवाड गादीवर होते. खंडेराव १८७० मध्ये वारले, जमनाबाईंना मुलगी झाली, म्हणून गादी मल्हाररावांकडे राहिली. कारभार वाईट होता ह्यात वाद नाही, तक्रारींचा ढीग झाला, १८७३ मध्ये चौकशी कमिशन बसलं आणि त्यानंतर सुधारायला मुदत मिळाली, १८७५ च्या अखेरपर्यंत. ह्या अशा वेळी मल्हाररावांनी दिवाण म्हणून कुणाला बोलवावं, तर दादाभाई नौरोजींना! आपण शाळेत दादाभाई म्हणजे संपत्तीचं अपहरण, ब्रिटिश पार्लमेंट, एवढंच शिकतो, पण त्याआधी हा माणूस बडोद्याच्या त्या दलदलीत उतरला होता, सोबत काझी शहाबुद्दीन, बाळ मंगेश वागळे असे मुंबईचे शिकलेले लोक घेऊन.

रेसिडेंट होता कर्नल फेअर. त्याला हे दादाभाई आणि त्यांची मंडळी अजिबात नको होती. म्हणजे बघा, एकीकडे महाराज ज्यांच्या आजूबाजूला जुने खुशमस्करे, दुसरीकडे साहेब जो दिवाणाला दिवाण मानायलाच तयार नाही. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी २ नोव्हेंबर १८७४ ला मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता लिहिला की फेअरला बदला. आणि बरोब्बर आठवड्याने, ९ नोव्हेंबरला, फेअरसाहेब सकाळी फिरून आले, नेहमीचं पपनसाचं सरबत तोंडाला लावलं, चव वेगळी लागली, ओतून टाकलं, आणि तळाशी जे राहिलं त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, निघाला असा आरोप झाला.

पुढचं सगळं भराभर झालं. फेअरच्या जागी सर लुईस पेली आले. १८७५ च्या जानेवारीत दादाभाईंनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात मल्हाररावांना अटक झाली. राजाला अटक! पुण्यात, मुंबईत सगळीकडे खळबळ उडाली, वर्गण्यांच्या गोष्टी झाल्या, सार्वजनिक सभेने अर्ज केले. खटला चालवायला सहा जणांचं कमिशन, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. इंग्रजांमध्ये बंगालचे चीफ जस्टिस रिचर्ड काऊच, रिचर्ड मीड आणि मेल्विल. हिंदींमध्ये जयपूरचे महाराज रामसिंग, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, आणि त्यांच्याच शेजारी, सोळा वर्षांपूर्वी त्यांच्याच दरबारातून बाहेर पडलेले दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बाजूने विलायतेहून बॅरिस्टर बॅलंटाइन आला होता आणि त्याने पोलिसांच्या साक्षीदारांच्या पार चिंध्या केल्या.

निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले विषप्रयोगाला महाराजांची फूस होती, आणि हिंदी तिघांनी आरोप सिद्ध होत नाही असंच मत दिलं. मला ह्या निकालाचं फार मोल वाटतं, आणि त्यातही दिनकररावांच्या मताचं. जयाजीराव आणि रामसिंग गादीवरचे राजे होते, त्यांना आपल्या जातभाईचं वाटलं असेल असं कुणी म्हणू शकतं. पण दिनकरराव राजे नव्हते. १८५७ मध्ये इंग्रजांची बाजू घेतलेला, त्यांच्याकडून मानसन्मान मिळालेला हा म्हातारा माणूस, त्याला हो ला हो म्हणणं किती सोपं होतं. नाही म्हणाला. सत्तावन्नवरून त्यांच्यावर बोट ठेवणाऱ्यांनी हे पंच्याहत्तरही मोजावं एवढंच माझं म्हणणं.

अर्थात उपयोग झाला नाही. सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि बेबंद कारभार हे कारण दाखवून एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, मद्रासला पाठवलं, तिथेच ते गेले. जमनाबाईंनी कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला, तो बारा वर्षांचा मुलगा म्हणजे आपले सयाजीराव. आणि राज्य चालवायला दिवाण आणला तो कुठून, तर आमच्या इंदूरहून.

सर टी. माधवराव. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले तंजावरकडचे मराठी देशस्थ. त्रावणकोरला चौदा वर्षं दिवाण होते, मग तुकोजीराव होळकर दुसऱ्यांनी त्यांना १८७३ मध्ये इंदूरला आणलं, आणि दोन वर्षांत बडोद्याला गेले. इंदुरात त्यांच्या वाट्याला फार काही आलं नाही असं मला वाटतं कारण तुकोजीराव स्वतःच मोठे हिशेबी राजे होते, खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देणारे, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने, पातालपाणी-कालाकुंडचा तो घाट ज्यांनी पाहिलाय त्यांनी आठवावं की ती लाइन होळकरांच्या पैशाने झाली. अशा राजाकडे दिवाणाला हात पसरायला जागा कमी. माधवरावांनंतर त्यांचेच चुलतभाऊ आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले, म्हणजे तंजावरच्या एकाच घराण्यातून दोन दिवाण आपल्याला मिळाले.

बडोद्यात मात्र माधवरावांना मोकळं रान मिळालं, कारण महाराज वयाने लहान आणि साहेबाचा विश्वास पूर्ण. थकलेले पगार, सावकारांची देणी, सरदारांच्या मागण्या, न्यायखातं, शाळा, दवाखाने, सगळं त्यांनी सहा-सात वर्षांत मार्गी लावलं. सयाजीरावांना राज्य कसं करावं ह्यावर व्याख्यानं दिली, ती पुढे छापलीही गेली. आणि मग २८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती अधिकार आले आणि १८८२ मध्ये माधवराव दिवाणगिरी सोडून गेले. शिष्य मोठा झाला, त्याला आपल्या मताने चालायचं होतं, हे साहजिकच, पण दोन मालकांपैकी एक जागा झाला की दिवाणाची खुर्ची डुगडुगते ती अशी.

ह्यानंतरचं थोडक्यात सांगते नाहीतर पोस्ट संपणार नाही. बडोद्याने एकाहून एक माणसं आणली. रमेशचंद्र दत्त, आयसीएस सोडलेले, १८९९ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, ते १९०४ पासून बडोद्यात महसूल बघत होते, त्याच काळात १९०६ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण पूर्ण राज्यात लागू झालं, आणि १९०९ मध्ये दिवाण असतानाच बडोद्यात वारले. पुढे व्ही. टी. कृष्णमाचारी १९२७ ते १९४४, सतरा वर्षं एका खुर्चीवर, नंतर हेच गृहस्थ प्लॅनिंग कमिशनचे उपाध्यक्ष झाले. आमच्याकडे इंदुरात १९२६ मध्ये बावला खून प्रकरणावरून (बावला हा मुंबईचा व्यापारी) तुकोजीराव तिसऱ्यांना गादी सोडावी लागली, यशवंतराव लहान, आणि राज्य सांभाळलं ते सर सिरेमल बापना ह्यांनी, १९३९ पर्यंत. आजी अजून सांगते, तिच्या सासऱ्यांच्या तोंडी कायम "बापनासाहेबांच्या वेळी" हे असायचं, महाराजांच्या वेळी असं नाही. त्याच दरबारात सरदार माधवराव किबे होते, आता त्यांचंही नाव इंदूरच्या किबे कंपाऊंडपुरतं तेवढं माहीत.

मग आलं १९४८. आणि मला वाटायचं की इथे ही दोन मालकांची गोष्ट संपली असणार, लोकांचं राज्य आलं. संपली नाही, तेच सांगायचंय.

ग्वाल्हेर आणि इंदूर एकत्र येणं सोपं नव्हतं, दोन्ही मोठी राज्यं, दोघांना आपापला मान. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन ह्यांनी २२ एप्रिल १९४८ ला करारावर सह्या घेतल्या, २८ मे ला नेहरूंनी ग्वाल्हेरला मध्य भारताचं उद्घाटन केलं. पंचवीस संस्थानं मिळून एक राज्य. राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी, जिवाजीराव शिंदे, उपराजप्रमुख यशवंतराव होळकर. राजधानी? दोन! थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, कारण ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला कारण विचारायची गरज नाही आणि माळव्याची रात्र तर प्रसिद्धच आहे. पण खरं कारण हवा नव्हतीच, खरं कारण हे की दोघांपैकी कुणालाच कमीपणा घ्यायचा नव्हता. सरकार फायली घेऊन जायचं-यायचं, आणि मंत्रिमंडळातही इंदूरकडचे किती आणि ग्वाल्हेरकडचे किती ह्यावर सगळ्यांची नजर.

पहिले मुख्यमंत्री झाले लीलाधर जोशी. वर्ष पुरं होतं न होतं तोच मे १९४९ मध्ये त्यांच्या जागी गोपीकृष्ण विजयवर्गीय. ऑक्टोबर १९५० मध्ये तखतमल जैन. १९५२ ची निवडणूक झाली, ९९ जागांपैकी काँग्रेसच्या ७५, म्हणजे बहुमत दणदणीत, आणि मुख्यमंत्री मिश्रीलाल गंगवाल. १९५५ च्या एप्रिलमध्ये ते पायउतार झाले आणि परत तखतमल. साडेआठ वर्षांत पाच मंत्रिमंडळं, आणि विरोधी पक्ष इतका लहान असताना! सगळी पाडापाडी घरातलीच, हा गट तो गट. बापनासाहेब एकटे तेरा वर्षं बसले होते त्या खुर्चीवर, आणि इथे कुणाला चार वर्षं सलग मिळाली नाहीत.

आता तो दुसरा मालक. मध्य भारत हे संविधानात ब वर्गाचं राज्य होतं. मुंबई, मद्रास अ वर्गात, आणि जुनी संस्थानं ब वर्गात. तेव्हाचं मूळ कलम ३७१ काढून वाचा, त्यात सरळ लिहिलंय की ही ब वर्गाची राज्यं पहिली दहा वर्षं केंद्राच्या सर्वसाधारण नियंत्रणाखाली राहतील आणि राष्ट्रपती देतील ते आदेश पाळतील. मुंबईच्या मुख्यमंत्र्यावर हे कलम नव्हतं, आमच्यावर होतं. म्हणजे निवडून आलेल्या मंत्र्याला खाली विधानसभा, वर दिल्ली, आणि बाजूला राजप्रमुख म्हणून तेच महाराज. १९५० मध्ये रेल्वे, टपाल, फौज, सगळं केंद्राकडे गेलं, आजीच्या त्या पाकिटावरचं 'ग्वालियर'ही त्याच सुमाराला कायमचं गेलं. मी असं म्हणत नाही की हे करायला नको होतं. पंचवीस संस्थानांचे पंचवीस कायदे, पंचवीस तऱ्हेच्या जमिनी, कारभाराचा अनुभव नसलेले बहुतेक मंत्री जे कालपर्यंत तुरुंगात होते, कुणीतरी हात धरणं जरूर होतं. पण ह्या लोकांना आपण नुसते भांडकुदळ, कमजोर म्हणून विसरतो तेव्हा त्यांच्या हातात किती होतं तेही बघावं. सरवटे आणि बाकीचे सहा जण संविधान सभेत होते, त्यात झाबुआकडचे कुसुमकांत जैन तर तिशीच्या आतले, ह्या लोकांच्या डोळ्यांसमोर ते कलम पास झालं आणि त्यांनाच ते परत येऊन आपल्या गावात समजावून सांगावं लागलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत संपलं. राजप्रमुख पदही त्याच दिवशी गेलं. राज्य पुनर्रचना आयोगाने राजधानी जबलपूरला सुचवली होती, मिळाली भोपाळला. इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही राजधान्या एका दिवसात जिल्ह्याची गावं झाली, आमच्याकडची जुनी माणसं ह्यावर अजून चिडतात आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. रविशंकर शुक्ल नव्या राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि दोन महिन्यांत, ३१ डिसेंबरला, वारले. गंगवाल पुढे नव्या प्रदेशात अर्थमंत्री होते.

समजूत घालायला म्हणून जी वाटणी झाली ती मात्र आजही आपण रोज भोगतो. हायकोर्ट जबलपूरला आणि खंडपीठं इंदूर-ग्वाल्हेरला. रेव्हेन्यू बोर्ड ग्वाल्हेरला, अकाउंटंट जनरल ग्वाल्हेरला, एक्साइज आणि ट्रान्सपोर्ट कमिशनरही तिकडेच. इंदूरला लोकसेवा आयोग आणि विक्रीकराचं मुख्य ऑफिस. लोकसेवा आयोग कुठे आहे माहीत आहे ना, रेसिडेन्सी एरियात, जिथे बसून एजंटसाहेब सगळ्या संस्थानांच्या दिवाणांवर नजर ठेवायचे. इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या क्लासेसमध्ये जी हजारो पोरं डेप्युटी कलेक्टर व्हायचं म्हणून रात्र रात्र घासतायत त्यांच्या सिलॅबसमध्ये मध्य प्रदेशचा इतिहास आहे, मध्य भारत त्यात दोन ओळींत उरकतात. त्या पोरांपैकी कुणी हे वाचत असेल तर जोशी, विजयवर्गीय, तखतमल, गंगवाल, ही चार नावं तारखांसकट पाठ करून ठेवा. आणि कुणाच्या घरी मध्य भारत सरकारची जुनी कागदपत्रं, नेमणुकीचे हुकूम, गॅझेटचे अंक पडले असतील तर रद्दीत देऊ नका, मला कळवा, मी येऊन फोटो काढून घेईन.